बंद म्हणजे चालू

वीज सरळ आहे, वाकडी आहेत ती माणसं, असं देवमन तायडेचं ठाम मत होतं, आणि असं मत ठेवायचा त्याला हक्कही होता. अमरावतीच्या राजापेठेत त्या दिवसांत ज्यांच्या घरी कंदील जाऊन दिवे आले, त्यातल्या कितीतरी घरांत पहिला दिवा लागला तो त्याच्या हातानं. ठेका भगवंतरावांचा, लायसन भगवंतरावांचं, शिडीसुद्धा भगवंतरावांची. पण त्या शिडीवर चढून, तोंडात खिळे धरून, माळवदाखाली मान वाकडी करून वायर ओढायची ती देवमननं. भगवंतराव खाली घरमालकाबरोबर चहा पीत बसत आणि अधूनमधून वर बघून "हं" म्हणत. ह्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. देवमनलाही नाही.

वाटायला लागलं ते नागपूरचा एक वायरमन कामाला आला तेव्हा. दुपारी भाकर खायला बसले असताना त्या माणसानं खिशातून मेणकापडाची पुडी काढली, आणि पुडीतून आपला परवाना. वर फोटो, खाली सरकारचा शिक्का, मध्ये नाव, बापाचं नाव आणि धंदा: वायरमन. देवमननं तो हातात घेतला आणि लवकर परत दिला नाही. त्याचा बाप डोमाजी तिवश्याकडच्या एका गावात साऱ्या गावाची कामं करून मेला, आणि त्या गावानं त्याला कधी नावानं हाक मारली नाही. 'अबे' आणि 'ए' ह्यावर त्याचा जन्म गेला. देवमन छप्पन साली ट्रकात उभा राहून नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला आणि तेव्हापासून मान वर करून चालत होता. पण सरकारनं शिक्का मारून सांगावं, की हा देवमन, हा डोमाजीचा मुलगा, हा वायरमन, एवढं त्याला हवं होतं. भाकरीपेक्षा जास्त हवं होतं, खोटं कशाला बोला.

आता परवाना पाहिजे तर परीक्षा द्यावी लागते, आणि परीक्षा द्यायची तर सरकार एका जागी बसलेलं तरी पाहिजे. इथं सरकारच फिरत होतं! देवमननं पहिला अर्ज केला तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, म्हणून अर्ज नागपूरला गेला. उत्तर येण्याच्या आत आपण मुंबई राज्यात जाऊन पडलो. एका कचेरीनं कळवलं की आता दुसऱ्या कचेरीला विचारा. दुसरीनं कळवलं की तुमच्या भागाचं अजून ठरायचं आहे. ठरता ठरता महाराष्ट्र झाला, आणि अर्ज नव्यानं करा असं आलं. देवमन त्याच खोलीत होता, खाटसुद्धा सरकवली नव्हती, तरी तीन राज्यं फिरून आला. त्याची बायको पंचफुला विचारायची, कोणी पुसलं तर आपण कोणत्या राज्यात राहतो म्हणून सांगायचं? देवमन म्हणायचा, थांब, भगवंतरावाले इचारून सांगतो.

शेवटी एकदाचा हुकूम निघाला. परीक्षा अकोल्याला, आणि प्रश्न मराठीत. मराठीत म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. भगवंतरावांनी स्वतःच्या परीक्षेला इंग्रजीची घोकंपट्टी केली होती, ती आठवून ते म्हणाले की आता तर तुझं कामच झालं, मायच्या भाषेत विचारणार.

पण त्याच हुकमाच्या शेपटाला दुसरा हुकूम होता. नवा इन्स्पेक्टर आला आणि त्यानं साऱ्या ठेकेदारांना बोलावून बजावलं, की ज्याच्याजवळ परवाना नाही त्यानं वायरीला हात लावायचा नाही. त्यानं छिन्नीनं भिंतीला झऱ्या, म्हणजे वायरीच्या खाचा, माराव्यात, शिडी धरावी, बस. भगवंतरावांनी देवमनला समोर बसवून सांगितलं: वर्षात दोनदा परीक्षा आहे; दोन्ही वेळा नापास झालास तर मला परवानावाला बाहेरून आणावा लागेल, आणि तू त्याची शिडी धरशील. भगवंतराव वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तरी हेच म्हणाला असता.

देवमन अकोल्याला गेला तो धुतलेला सदरा घालून. एका शाळेच्या वर्कशॉपात परीक्षा होती. हाताचं काम त्याला खेळण्यासारखं गेलं. जिन्याचा दिवा वरूनही लागावा आणि खालूनही, अशी जोडणी करायची होती. ती करून, गाठी पट्टीनं गुंडाळून तो बाजूला उभा राहिला तेव्हा दुसरे अजून वायरी सोलतच होते. मग तोंडी परीक्षेला बोलावलं. साहेब पुण्याकडचे, गोरेगोमटे, बोलायला मऊ. त्यांच्या हातात छापील कागद होता. इंग्रजीतले प्रश्न कोणीतरी मराठीत उतरवून दिले होते आणि साहेब ते जसेच्या तसे वाचत होते.

"सर्किट बंद केलं असता दिव्याचं काय होईल?"

"इझन," देवमन म्हणाला. हे काय विचारणं झालं?

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि नीट विचार करायला सांगितलं. देवमननं केला विचार. साहेब थांबले म्हणजे प्रश्नात काही मेख असणार. दिवा विझलेलाच असला तर? मग बंद केल्यानं त्याचं काय होईल?

"आंधीच इझलेला अशीन," तो म्हणाला, "तं इझलेलाच राईन, साहेब."

साहेबांनी सुस्कारा सोडला. मग पुढचा प्रश्न वाचला, की सर्किट उघडं असता काय होईल. इथं देवमनला जरा धीर आला. उघड्या वायरीबद्दल तर तो साऱ्या राजापेठेला ओरडत असे. त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, की उघडं ठेवायचंच नाही, घरात पोट्टेसोट्टे असतात, हात लावतात, पट्टी मारूनच ठेवावं. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. देवमनला वाटलं, हे उत्तर त्यांना आवडलं. वाटणारच, माणसाला आपल्या फायद्याचंच आधी वाटतं.

नापास झाल्याचं कळलं तेव्हा तो भगवंतरावांपुढे जाऊन उभा राहिला आणि काय विचारलं, काय सांगितलं, ते सगळं त्यानं अथपासून इतिपर्यंत सांगितलं. भगवंतराव हसले ते ठसका लागेपर्यंत हसले. मग डोळे पुसत त्यांनी वायरीचा एक तुकडा उचलला, त्याचं कडं केलं आणि दोन्ही टोकं जुळवून दाखवली. म्हणाले, हे कडं जुळलं, ह्याला इंग्रज म्हणतो बंद झालं. कडं बंद झालं की करंट फिरतो आणि दिवा लागतो. मग त्यांनी टोकं सोडली. हे झालं उघडं. उघडं झालं की अंधार. साहेबाच्या कागदात बंद लिहिलं होतं ते हे बंद.

देवमननं ते कडं हातात घेतलं, जुळवलं, सोडलं, पुन्हा जुळवलं. म्हणजे आपण बंदला बंद म्हणतो ते चूक का, असं त्यानं विचारलं. भगवंतराव म्हणाले, तेही बरोबर. मग इंग्रजाचं चूक? तेही बरोबर. दोन्ही बरोबर कसं असेल, हे देवमनच्या काही डोक्यात शिरेना.

"हे पाय," भगवंतराव वैतागून म्हणाले, "परीक्षेत बंद म्हणजे चालू. कामावर बंद म्हणजे बंद. हाये काय त्यात एवढं?"

हाये काय एवढं! ज्याला दोन भाषा येतात त्याला हे म्हणायला काय जातं? त्याच्याजवळ दोन खुंट्या असतात. एक शब्द ह्या खुंटीला, एक त्या खुंटीला. देवमनजवळ एकच खुंटी, आणि तिच्यावर आता एकाच शब्दाचे दोन सदरे टांगायचे होते. त्यात ह्या धंद्यात आधीच कमी घोळ आहेत का? भिंतीवरचं बटन खाली केलं की दिवा लागतो, आणि मेनचं हँडल खाली केलं की अख्खं घर अंधारात जातं. पण ते हाताला ठाऊक होतं. हात कधी चुकत नव्हता, कारण हाताला कोणी प्रश्न विचारत नव्हतं.

घरी अभ्यास सुरू झाला. पंचफुलाचा भाऊ श्रावण देवमनच्याच हाताखाली काम शिकून तयार झाला होता, लग्नाचा झाला होता, आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज दोघांनी मिळून भरला होता. श्रावण तल्लख. त्याला कड्याचं एकदाच सांगितलं आणि तो म्हणाला, समजलं. संध्याकाळी दोघं जेवायला बसले की चुलीपुढून पंचफुला विचारायची, बंद म्हणजे? दोघं म्हणायचे, चालू. उघडं म्हणजे? बंद. एकदा भाकर थापता थापता तिनं मध्येच विचारलं, मग चालू म्हणजे काय हो? दोघांचे घास हातात राहिले. देवमन म्हणाला, चालू ते विचारत नाहीत. पंचफुला हसून हसून पिठाच्या हातानं डोळे पुसायला लागली.

मग त्याचा खेळच झाला. पंचफुला म्हणायची, दार बंद कर रे, तर श्रावण उठून दार सताड उघडायचा आणि वर म्हणायचा, परीक्षेतलं बंद केलं. देवमन म्हणायचा, तोंड बंद ठेव, तर श्रावण आणखी बडबडायचा. कामावरसुद्धा हेच चालायचं. शेजारपाजारचे म्हणायचे की तायड्यांच्या घरात काय एवढं हसणं चाललंय? खरंच, त्या घरात कितीतरी दिवसांनी असं हसणं झालं होतं. देवमनची भीतीही त्या हसण्यात थोडी कमी झाली. आता परवाना येतोच असं त्याला वाटायला लागलं, आणि फोटो काढताना टोपी घालावी की नाही ह्यावर नवराबायकोचं भांडणही होऊन गेलं.

परीक्षेच्या आदल्या महिन्यात अचलपूरला नत्थुजींच्या घराचं काम निघालं. नत्थुजी सरकीपेंडेचे व्यापारी. नवं घर, खोल्यांमागं खोल्या. इन्स्पेक्टरच्या हुकमाला अजून धार आली नव्हती, तेवढ्यात हे काम उरकून घ्या असं भगवंतराव म्हणाले. देवमन आणि श्रावण एसटीच्या टपावर वायरीची बंडलं टाकून गेले. काम छान झालं. शेवटच्या दिवशी थोड्या गाठी तेवढ्या बघायच्या राहिल्या होत्या. मेन ओसरीवर होतं, तिथं देवमन. मधल्या खोलीत शिडीवर श्रावण. मध्ये भिंत, दार अर्धं लोटलेलं. ह्याला तो दिसत नव्हता, त्याला हा.

आता काय झालं ते नीट ऐका, कारण ह्याच्यावर पुढे पुष्कळांनी पुष्कळ तोंडसुख घेतलं. देवमननं दिवे लावून पाहिले होते आणि सवयीनं मेनचं हँडल खाली ओढलं होतं. म्हणजे घरात करंट नव्हता. हे त्यानं श्रावणला ओरडून सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. हात कमरेवर ठेवून तो मनात प्रश्न-उत्तरं घोकत उभा होता. तिकडे श्रावणला कोपऱ्यातली एक गाठ पसंत पडली नाही. ती सोडायच्या आधी त्यानं रीतीप्रमाणे आवाज दिला.

"भाऊजी, बंद करा."

देवमननं हँडलकडे पाहिलं. ते खालीच होतं. बंदच आहे की! बंद असलेलं आणखी काय बंद करायचं? क्षणभर तो गोंधळून उभा राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला: अरे, हा परीक्षेतलं बंद म्हणतोय. रोज तेच तर चाललं होतं. कालच ह्याच घरात श्रावणनं त्याच शब्दानं त्याच्याकडून दिवे लावून घेतले होते. देवमनला मनातून गंमतही वाटली, की आपल्याला आता हे इतक्या लवकर समजतं. त्यानं हँडल वर केलं.

मधल्या खोलीतला दिवा लागला, त्याचा उजेड दाराच्या फटीतून ओसरीवर आला. मग शिडी पडली.

देवमननं हँडल खाली ओढलं आणि आत धावला. श्रावण जमिनीवर कुशीवर पडला होता, डोळे उघडे, उजव्या हाताची बोटं काळी पडलेली, मनगट भलतीकडेच वळलेलं. जीव होता. देवमननं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्याला नावानं हाका मारत राहिला. नत्थुजींनी स्वतः धावपळ करून दमणीला बैल जुंपायला लावले, श्रावणला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांपुढे उभे राहिले. हाड बसलं. पण दोन बोटं आखडली ती आखडलीच. पक्कड धरायला गेलं की पक्कड गळून पडायची.

अमरावतीला परत आल्यावर पंचफुलानं आधी भावाला निजवलं, त्याच्या अंगावर पांघरूण घातलं, आणि मग दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे वळली. रडली नाही.

"त्यानं काय म्हटलं होतं?"

"बंद करा, म्हटलं."

"मंग तुमी काय केलं?"

"बंदच केलं," देवमन म्हणाला.

तिला वाटलं तो थट्टा करतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा तिला कळलं की नाही, आणि ते तिला जास्त भयंकर वाटलं. त्यानंतर तिनं त्या घरात चुलीपुढून कधी काही विचारलं नाही.

चूक कोणाची, ह्यावर साऱ्यांचं ठरलेलं होतं, फक्त प्रत्येकाचं वेगळं. भगवंतराव म्हणाले, देवमनची. मेन खाली केलं तर आवाज द्यायला काय झालं होतं? नत्थुजी म्हणाले, पोराची. पाहून हात लावायचा. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, शिडीची. वस्तीतली एक म्हातारी म्हणाली, असल्या जिनसा घरात आणाव्याच कशाला? देवमन प्रत्येकाचं ऐकायचा आणि त्याला ते ते खरं वाटायचं. पण एकटा बसला की सगळ्या गोष्टी पुन्हा तिथंच येऊन अडायच्या: श्रावण कोणतं बंद म्हणाला होता? कामावरचं असेल तर आपण त्याला मारायलाच निघालो होतो. परीक्षेतलं असेल तर? तर त्यानं हातातली वायर का सोडली नाही? की त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं? हे विचारायला त्याची जीभ वळत नव्हती. श्रावण समोर बसून डाव्या हातानं भाकर मोडायचा, आणि देवमन आपलं ताट घेऊन बाहेर जायचा.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा त्यानं सांगून टाकलं की आपण जात नाही. नको तो परवाना. झऱ्या मारीन, शिडी धरीन. पंचफुला चुलीत काट्या सारत राहिली. श्रावण मात्र खाटेवरून उठून बसला.

"माह्या हाताचं तं झालं ते झालं," तो म्हणाला. "मले आता हाताची परीक्षा काई देता येत नाई. तुमी बी बसले तं घरात दोन बिगारी. मंग म्या हात कायच्यासाठी घालवला?"

देवमनला वाटलं, कोणीतरी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. ह्या माणसाला रागावताही येत नव्हतं आणि पाया पडताही येत नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं की तू येतोस का संगं. श्रावण म्हणाला, येतोच. एकट्याला सोडलं तर तुम्ही बडनेऱ्याहूनच परत याल.

बडनेऱ्याला अकोल्याची पॅसेंजर पकडली. गाडीत खिडकीची जागा श्रावणला दिली. बाहेर कापसाची बोंडं फुटली होती, बाया वेचत होत्या, श्रावण तिकडे पाहत होता. मूर्तिजापूरला चहा घेतला, गाडी पुन्हा हलली, आणि मग देवमननं कशी कोण जाणे पण विचारलंच, की त्या दिवशी तू बंद म्हणाला, ते कोन्तं बंद म्हणाला?

श्रावणनं कप दोन्ही हातांत धरायचा प्रयत्न केला, मग एकाच हातात धरला. "मले आता याद नाई, भाऊजी," तो म्हणाला.

याद नव्हती, की सांगायचं नव्हतं? की याद होती आणि मुद्दाम नाही म्हणत होता, भाऊजींचं ओझं हलकं व्हावं म्हणून? देवमन अकोला येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे चोरून पाहत राहिला. त्या तोंडावर काही लिहिलेलं नव्हतं.

वर्कशॉप तेच, साहेबही तेच. हाताच्या कामात ह्या वेळी फ्यूज बदलायचा होता. देवमननं बोर्डापुढे हात नेला आणि साहेब मागून म्हणाले, आधी मेन बंद करा. देवमनचा हात तिथंच थांबला. हे कोणतं बंद? परीक्षा आहे, म्हणजे परीक्षेतलं? पण हे काम आहे, म्हणजे कामावरचं? त्यानं मागं वळून विचारलं, साहेब, कोन्तं बंद? साहेब म्हणाले, कोणतं म्हणजे? बंद म्हणजे बंद. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि सारं हातावर सोडलं. हातानं हँडल खाली ओढलं. तरीसुद्धा टेस्टचा दिवा लावून, करंट नाही ह्याची खात्री करून घेईपर्यंत त्यानं फ्यूजला बोट लावलं नाही. साहेबांनी ती खात्री करण्याची रीत पाहून मान डोलावली.

मग टेबलापुढे बसवलं. अर्थिंग कशाला देतात, वायर किती जाडीची घ्यायची, माणसाला करंट लागला तर आधी काय करायचं. ह्या शेवटच्याला देवमन धडाधड बोलला, नको तितकं बोलला, साहेबांनी पुरे म्हणून हात वर केला. आणि मग त्यांनी कागद उलटून वाचलं.

"सर्किट बंद केलं असता दिव्याचं काय होईल?"

उत्तर पाठ होतं. चुलीपुढे बसून पाठ केलं होतं, हसत हसत. त्या उत्तराच्या पलीकडे परवाना होता, त्याचा फोटो होता, डोमाजीचं नाव होतं. पण ते जिभेवर आलं की अचलपूरची ती ओसरी डोळ्यांपुढे येई आणि शब्द मागं फिरे. अंधार होईल म्हटलं तर खरं बोलल्यासारखं वाटणार होतं, आणि श्रावणचा हात फुकट जाणार होता. दिवा लागेल म्हटलं तर श्रावणला पुन्हा एकदा पाडल्यासारखं वाटणार होतं, आणि ते बरोबर ठरणार होतं. कोणतं खरं? साहेबांनी पेन्सिल टेबलावर टकटक वाजवली. मागच्या वेळेची आठवण त्यांना असावी, कारण ते जरा पुढे झुकून हळू आवाजात म्हणाले, घाबरू नका, बोला.

"लागन," देवमन म्हणाला. "दिवा लागन, साहेब."

"शाब्बास," साहेब म्हणाले.

त्यांनी शेरा मारला. परवाना डाकेनं येईल म्हणाले. मग लिहून घ्यायला पूर्ण नाव विचारलं. देवमन डोमाजी तायडे. धंदा? वायरमन, देवमन म्हणाला, आणि साहेबांनी ते काही न विचारता तसंच उतरवून घेतलं. आनंद झाला, खोटं कशाला बोला. बापाचं नाव साहेबाच्या अक्षरात पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि आनंद झाला म्हणून तिथल्या तिथे लाजही वाटली. उठताना त्याला दारच सापडेना, दोनदा भिंतीकडे गेला.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली श्रावण बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून. देवमन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि पास झालो म्हणायचं सोडून जोड्यांची धूळ झटकत बसला.

"इचारलं का ते?" श्रावण म्हणाला.

"इचारलं."

"मंग? काय सांगतलं?"

देवमनला वाटलं खोटं बोलावं. पण ह्या माणसाशी काय खोटं बोलायचं?

"दिवा लागते, म्हटलं."

श्रावणनं खाली मान घालून आपल्या बोटांकडे पाहिलं. मग मान हलवली.

"बराबर सांगतलं," तो म्हणाला. "लागलाच होता, भाऊजी. पडता पडता पायला म्या."